सुताराची कादंबरी आणि शिंप्याचें घर

ऐतिहासिक कादंबरी म्हटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, दरबार आणि घोडदळ हींच उभीं राहतात. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालीं निघाली, तेव्हांपासून मराठी वाचकाला ही वाट परिचयाची आहे. परंतु गडावर लढाई चालली असतां खालच्या गांवांत कोणी नांगर जोडीत होता, कोणी दाराची चौकट तासीत होता. त्याचें काय झालें? त्याच्या दृष्टीनें ‘धामधुमीचा काळ’ म्हणजे काय? ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा, तर दोन पुस्तकें शेजारीं ठेवून पाहणें उपयुक्त होईल.

पहिलें पुस्तक फ्रान्स देशांतील आहे. रोमां रोलां हे नांव आपल्याकडील सुशिक्षितांना गांधीजींचे चरित्रकार म्हणून ठाऊक असतें. त्यांना १९१५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. त्यांचा जन्म १८६६ मध्यें बर्गंडी प्रांतांतील क्लामसी ह्या लहानशा गांवीं झाला. ‘कोला ब्रञों’ ही कादंबरी त्याच गांवची आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीं ती लिहून झाली होती. पण युद्धामुळें प्रकाशन लांबलें आणि ती १९१९ सालीं बाहेर पडली. तिचा नायक राजा नव्हे, सरदारहि नव्हे. तो पन्नाशीचा एक सुतार आहे, आणि १६१६ सालची हकीकत तो स्वतःच्या तोंडानें सांगतो.

त्या वेळीं फ्रान्सचा राजा अल्पवयी होता व सरदार आपसांत भांडत होते. त्याचें फळ गांवकऱ्यांच्या वांट्याला आलें. शिपायांनीं लूट केली. मग प्लेग आला. कोला त्यांतून वांचला, परंतु त्याचें घर जळालें आणि बायको मरण पावली. जीव ओतून कोरलेल्या त्याच्या मूर्तींची एका सरदारानें केवळ गंमत म्हणून विटंबना केली. अखेरीस तो मुलीच्या आश्रयाला जाऊन राहतो. इतकें होऊनहि हा मनुष्य हंसतो, थट्टा करतो, पुस्तकें वाचतो. त्याचा कसब असलेला हात त्याचाच राहिला होता, आणि पटाशी घेऊन बसणारास काम देणारें जग अजून शिल्लक होतें.

त्याच १६१६ सालीं आपल्या इकडे जालन्याजवळ रोशनगांव येथें मलिकंबर आणि मोगल यांची मोठी लढाई झाली. जालन्याहून आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड फार दूर नाहीं. पुढें १६२९ मध्यें लखूजी जाधवराव दौलताबादेस मारले गेले, आणि लगोलग १६३० च्या भयंकर दुष्काळानें दख्खन होरपळली. जाधवरावांची भव्य समाधि सिंदखेडास आजहि उभी आहे. तिचे दगड घडविणारे पाथरवट कोण, त्यांच्या घरीं त्या वर्षांत चूल पेटत होती कीं नाहीं, हें मात्र आपल्या कादंबऱ्यांनीं क्वचितच विचारलें. क्लामसीच्या सुताराला त्याचा लेखक भेटला. सिंदखेडच्या पाथरवटाची वाट अजून संपलेली नाहीं.

तथापि कारागिराच्या घराची कथा वऱ्हाडांत मुळींच लिहिली गेली नाहीं, असें नव्हे. उद्धव ज. शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० सालीं प्रसिद्ध झाली. शेळके अमरावती जिल्ह्याचे. पात्रांच्या तोंडची त्यांची वऱ्हाडी बोली आपल्या खामगांव-मेहकरच्या वाचकालाहि घरचीच वाटेल. ही कथा महादेव नांवाच्या शिंप्याच्या संसाराची आहे. पण तो संसार ओढते त्याची बायको कौतिक. येथें लढाई नाहीं, लूट नाहीं. दारिद्र्य आहे, नवऱ्याचें दुबळेपण आणि दुखणें आहे, मुलांची काळजी आहे. कौतिक अखंड झुंजते आणि शेवटीं हरते.

कोला टिकला आणि कौतिक खचली, ह्याचें कारण केवळ स्वभावांत शोधूं नये. ग्रँट डफच्या यादींत शिंपी हा अलुतेदारांत मोडतो. बलुतेदार सुतार-लोहारांचा खळ्यावरील धान्यांत जसा ठरलेला हक्क असे, तसा भक्कम आधार शिंप्याला नव्हता. त्यांतच १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ नंतर कापसाचा भाव चढला, आणि १८७० सालीं जलंब ते खामगांव हा आगगाडीचा फांटा लॉर्ड मेयोंच्या हस्तें सुरू झाला. कापूस बाहेर जाऊं लागला, गिरणीचें कापड आंत येऊं लागलें, आणि गांवचा व्यवहार अधिकाधिक रोकडीवर चालूं लागला. नव्या वस्त्राची गरज लग्नाकार्याला व सणालाच. हंगाम बुडाला कीं पहिली काटकसर होते ती शिलाईंत. हातांत सुई असूनहि घरांत भाकर नाहीं, अशी अवस्था त्यामुळें ओढवते.

कोलाच्या शत्रूंना तोंडें आहेत: शिपाई, साथ, सरदार. म्हणून त्याला त्यांची टर उडवितां येते. कौतिकच्या शत्रूला तोंडच नाहीं. बाजारभावाला शिवी कशी द्यावी? कादंबरीचें नांव ह्या दृष्टीनें फार अर्थपूर्ण आहे. ज्वाला दिसते आणि तिच्यापासून दूर पळतां येतें. धग दिसत नाहीं, ती नुसती लागते.

लौकिक अर्थानें ‘धग’ ऐतिहासिक कादंबरी नव्हे. परंतु आपल्या प्रांताचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्यानें सिंदखेडची समाधि पाहून आल्यावर हें पुस्तकहि अवश्य वाचावें. समाधि राज्यकर्त्यांची स्मृति राखते. गांवच्या कारागिराची स्मृति राखण्याचें काम अशा पुस्तकांनाच करावें लागतें.