विषय सुचत नाही? खिडकीपाशी उभे राहा!

फोटोसाठी लडाखच गाठायला हवं असं नाही. 📷 योसेफ सुदेक या चेक फोटोग्राफरचं काम जरूर बघा. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला, तरी पुढे ते जड, मोठ्या आकाराचे कॅमेरे वापरत राहिले. प्राग नाझींच्या ताब्यात असताना बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड झालं. मग १९४० पासून त्यांनी आपल्या स्टुडिओची खिडकीच टिपायला घेतली. ही मालिका १९५४ पर्यंत चालली! काचेवरचं दव, पाण्याचे ओघळ, बाहेरचं वाकडं झाड. विषय तोच, प्रकाश मात्र रोज नवा.

आपल्यालाही करून बघता येईल:

🔸 घरातली एकच जागा निवडा. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला टिपा.
🔸 झूम नको, एकच लेन्स. मग आपणच पुढे-मागे सरकतो आणि नवे कोन सापडतात.
🔸 पावसात आधी काचेवरच्या थेंबांवर फोकस करा, मग बाहेरच्या रस्त्यावर. दोन अगदी वेगळे फोटो मिळतील.
🔸 आठवड्याने सगळे फोटो शेजारीशेजारी ठेवा. कोणता प्रकाश आपल्याला खुणावतो, ते लगेच कळतं.

तुम्ही कोणती खिडकी निवडाल?