खुनी कळल्यावर

गेल्या वर्ष-दीड वर्षातलं माझं वाचन बहुतांशी रहस्यकथा आणि थ्रिलर यांच्यातच गेलं. अधूनमधून चवीत बदल म्हणून इतर कादंबऱ्याही झाल्या. मागे वळून बघताना या पुस्तकांचे दोनच ढीग दिसतात. खुनी कोण ते कळल्यावरही जी पुन्हा उघडावीशी वाटली, ती एका ढिगात. शेवटचं पान उलटताच जी संपली, ती दुसऱ्यात. दुसरा ढीग बराच उंच आहे, पण त्याच्याबद्दल फार बोलणार नाही. आणि ज्यांनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांनी निर्धास्त असावं, शेवट एकाचाही फोडणार नाही.

पहिल्या ढिगात सगळ्यात वर केइगो हिगाशिनो. 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही त्याची कादंबरी जपानीत २००५ साली आली, तिला तिथलं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं आणि २०११ मध्ये ती इंग्रजीत पोचली. खून सुरुवातीलाच होतो, आपल्या डोळ्यांदेखत. यासुको ही जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी बाई. पैशांसाठी छळणारा तिचा आधीचा नवरा दारात येऊन उभा राहतो, झटापट होते आणि आई-मुलीच्या हातून तो मरतो. शेजारी राहणारा इशिगामी हा शाळेत गणित शिकवणारा, एकलकोंडा, यासुकोवर न बोलता जीव लावून बसलेला माणूस. पुढचं सगळं तो हातात घेतो. म्हणजे कोणी केलं, का केलं, कसं केलं, सगळं आपल्याला ठाऊक आहे. मग साडेतीनशेच्या आसपास पानं आपण कशासाठी वाचतो? इशिगामीने नेमकं काय लपवलंय, ते आपल्याला ठाऊक नसतं म्हणून. आणि ठाऊक नाही हेही आपल्याला ठाऊक नसतं.

इशिगामी मुलांना परीक्षेत जे प्रश्न घालतो त्यांची एक खोड कादंबरीतच सांगितलेली आहे. प्रश्न दिसतो भूमितीचा, असतो बीजगणिताचा. लेखकाने आपल्यापुढे टाकलेलं कोडं अगदी असंच आहे, आणि तसं त्याने तोंडावर सांगितलेलंही आहे. दुसऱ्यांदा वाचताना मी पहिल्या प्रकरणातली सकाळची पायपीट मुद्दाम हळू वाचली. घरातून निघून नदीकाठाने शाळेकडे जाणाऱ्या इशिगामीला वाटेत काय काय दिसतं, एवढंच त्यात आहे. सगळं तिथे आहे. वाचकाशी इतक्या सरळपणे वागणारा आणि तरीही त्याला पुरता चकवणारा लेखक मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

तक्रारही आहे. यासुको ही बाई म्हणून पानावर फारशी उभी राहत नाही. तिच्यावर उधळलेली भक्ती मोठी, ती स्वतः मात्र पुसट. शिवाय इशिगामीच्या बुद्धीचं कौतुक करण्याच्या नादात त्या युक्तीची किंमत कोणी मोजली, यावर कादंबरी पुरेशी थांबत नाही. वाचून झाल्यावर मला जास्त छळलं ते त्या मोजणाऱ्याने, इशिगामीच्या अश्रूंनी नव्हे.

हिगाशिनोकडून मागे जात सेइचो मात्सुमोतोकडे गेलो. त्याची 'टोकियो एक्सप्रेस' १९५८ सालची. (जुन्या इंग्रजी अनुवादाचं नाव 'पॉइंट्स अँड लाइन्स' होतं, नव्या नावाने ती २०२२ मध्ये आली.) फुकुओकाजवळच्या काशिई इथल्या समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष आणि एक स्त्री मेलेली सापडतात. शेजारी शेजारी, विष घेतलेलं. प्रेमीयुगुलाची आत्महत्या म्हणून सगळे मोकळे होतात. एक वयस्कर, मळक्या कोटातला स्थानिक पोलीस तेवढा अडून बसतो, कारण मेलेल्या माणसाच्या खिशात गाडीतल्या भोजनाच्या डब्याची पावती आहे आणि ती एकाच माणसाच्या जेवणाची आहे. प्रेयसीबरोबर मरायला निघालेला माणूस एकटा का जेवला?

इथून पुढे सगळी कादंबरी रेल्वेच्या वेळापत्रकावर चालते. टोकियो स्टेशनात तेरा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पंधरा नंबरवरची गाडी दिसते ती संध्याकाळी फक्त चार मिनिटं, कारण एरवी मधल्या रुळांवर कुठली तरी गाडी उभी असते. त्या चार मिनिटांत कोणीतरी कोणाला तरी पाहिलं. ते योगायोगाने की घडवून आणलेलं? मुंबईकराला हे पुस्तक इतरांपेक्षा अंमळ जास्तच आवडेल. आठ सतराची फास्ट चुकली तर पुढचं सगळं कसं कोसळतं हे ज्याला अंगवळणी आहे, त्याला मात्सुमोतोचा खुनी घरचाच वाटतो. पण माझ्या लेखी पुस्तकाची खरी ताकद गाड्यांच्या हिशेबात नाही. मेलेला माणूस एका मंत्रालयातला मधल्या फळीतला अधिकारी असतो आणि त्या खात्यात लाचखोरीचं प्रकरण शिजत असतं. वरचे सुटतात, मधले मरतात. युद्धानंतरच्या जपानमधलं हे सत्य मात्सुमोतोने कुठेही आवाज न चढवता लिहिलंय. शेवटी खुलाशाचं लांबलचक पत्र येतं ते मात्र मला कंटाळवाणं वाटलं. त्या काळची रीत म्हणून सोडून दिलं.

जून २०२५ मध्ये फ्रेडरिक फॉर्सिथ गेला, तेव्हा 'द डे ऑफ द जॅकल' पुन्हा काढली. १९७१ सालची ही कादंबरी फॉर्सिथने जेमतेम पस्तीस दिवसांत टाइप केली. सुरुवातीला प्रकाशक मिळेना, कारण फ्रान्सचे माजी अध्यक्ष चार्ल्स द गॉल तेव्हा जिवंत आणि ठणठणीत होते. ज्याचा खून होणार नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्याच्या खुनाच्या कटावर कादंबरी कोण वाचणार? प्रकाशकांचं गणित चुकलं असं म्हणणं सोपं आहे, पण त्यांची शंका मला रास्त वाटते. फॉर्सिथने ती ज्या रीतीने खोटी ठरवली त्यात त्याचा मोठेपणा. त्याने सगळा भर कामावर दिला. मेलेल्या मुलाच्या नावाने पासपोर्ट कसा काढायचा, बेल्जियममधल्या बंदूक बनवणाऱ्याकडून हवी तशी रायफल कशी घडवून घ्यायची, रानात टांगलेल्या फळावर नेम कसा बसवायचा. मारेकरी जॅकलबद्दल आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही, नावही नाही, तरी त्याचं काम बिघडू नये असं वाटत राहतं. वाचकाला खुन्याच्या बाजूला उभं करणं आणि त्याचा पत्ता वाचकाला लागू न देणं, हे त्यानंतर अनेकांनी करून पाहिलं. बहुतेकांना फक्त पासपोर्टाची माहिती जमली. दुसऱ्या वाचनात खटकल्या त्या बायका. फॉर्सिथकडे त्या एक तर आमिष असतात, नाही तर अडथळा.

आता दुसऱ्या ढिगातलं एकच. ॲलेक्स मायकेलिडीसची 'द सायलेंट पेशंट' (२०१९) सगळ्यांनी वाचली, मीही वाचली, एका बैठकीत. चित्रकार बाई नवऱ्याला गोळ्या घालते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही. मानसोपचार करणारा थिओ तिला बोलती करायला येतो. कल्पना उत्तम. शेवटचा धक्का बसतो, तोही मान्य. पण धक्का ओसरल्यावर हाती काय लागतं? थिओ रुग्णाच्या नातेवाइकांची घरं पालथी घालत फिरतो आणि त्याला रोखणारं कोणी नाही, हे तेव्हा वेगात खपून गेलं होतं, आता खपत नाही. सगळी पात्रं तो शेवट डोक्यावर वाहून आणणाऱ्या हमालांसारखी; ओझं उतरलं की त्यांचं काम संपलं. याउलट जिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'ने (२०१२) आपला मोठा पत्ता अर्ध्यावरच टाकला आणि उरलेलं अर्धं पुस्तक नोकऱ्या गेलेल्या, एकमेकांना पुरते ओळखून असलेल्या नवरा-बायकोवर खर्च केलं. म्हणून ते टिकलं.

बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय, पुढे सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि दारा बुलंद यांच्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला रहस्य उलगडलंच पाहिजे अशी एक सवय असते. ती मोडली फ्रीडरिश ड्युरेनमाटने. 'द प्लेज' ही १९५८ सालची छोटी कादंबरी रहस्यकथेचीच उत्तरक्रिया करायला लिहिलेली आहे. एका लहान मुलीचा खून होतो, इन्स्पेक्टर मॅथेई तिच्या आईला शब्द देतो, आणि तो पाळण्यासाठी नोकरी, अब्रू, अखेर शहाणपण गमावतो. त्याचा तर्क बिनचूक असतो. तरीही काय होतं ते वाचाच. ड्युरेनमाटने आधी याच कथेचा चित्रपट लिहिला होता, त्यातला शेवट त्याला पटला नाही म्हणून ही कादंबरी. माझ्या मते, या सगळ्या वाचनातलं सर्वांत क्रूर आणि सर्वांत प्रामाणिक पुस्तक हेच.

आणि इतर म्हणून हाती घेतलेल्या दोन कादंबऱ्यांनी मला थ्रिलरपेक्षा जास्त जागं ठेवलं. कृष्णात खोत यांची 'रिंगाण', साहित्य अकादमी पुरस्कार (२०२३) मिळालेली. धरणाने उठवलेल्या गावामागे राहिलेली, रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला परत गेलेला देवाप्पा. माणूस आणि जनावर यांच्यातली ही झुंज वाचताना श्वास रोखला जातो. कोल्हापूरकडची बोली अंगात भिनायला थोडी पानं द्यावी लागतात, तेवढी द्यावीत.

दुसरी, विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर'. मूळ कन्नड २०१३ ची. मी श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. बंगळुरातलं एक कुटुंब, चहाची पावडर विकणारे वडील, मुंग्यांनी भरलेलं घर, मग काकाने काढलेला मसाल्याचा धंदा आणि पैसा. निवेदक कॉफी हाउसमध्ये बसून हे सांगतो. खून नाही, पोलीस नाही. पण दारात कालवण घेऊन आलेल्या एका बाईला घरातल्या बायका मिळून ज्या तऱ्हेने हाकलतात, तिथून वाचकाच्या पोटात गोळा येतो तो जात नाही. हे घर आपल्या माणसांसाठी कुठवर जाईल? शानभाग उत्तर देत नाहीत, आणि द्यायची गरजही उरत नाही. शंभर-सव्वाशे पानांत एवढा धाक मला एकाही थ्रिलरने घातला नाही.

तेव्हा वाचायला सुरुवात करणाऱ्यांनी मात्सुमोतोपासून करावी, मग हिगाशिनो. ड्युरेनमाट सगळ्यांच्या शेवटी, आधी नको. आणि 'सस्पेक्ट एक्स'वरून निघालेला हिंदी चित्रपट 'जाने जान' (२०२३) अजून पाहिला नसेल तर पुस्तक होईपर्यंत पाहू नका.