फक्त ५ वॅटवर हॅम रेडिओची स्पर्धा: सुरुवात कशी कराल?

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी दोन तास 'सीक्यू कॉन्टेस्ट' ओरडत बसलो होतो. उत्तर आलं एकच! वाटलं, ५ वॅटवर हे आपल्याला जमणारच नाही. खरं तर चूक पॉवरची नव्हती, पद्धतीची होती.

५ वॅट म्हणजे किती कमी?

हॅम रेडिओत ५ वॅट किंवा त्याहून कमी पॉवरला 'क्यूआरपी' म्हणतात. नेहमीचा सेट १०० वॅटचा, म्हणजे २० पट. पण डेसिबलमध्ये हा फरक फक्त १३ भरतो. सिग्नल मीटरचा एक घर ६ डेसिबलचा, म्हणजे १०० वॅटला ९ दिसत असेल तर आपण जेमतेम ७ दिसतो. क्षीण, पण ऐकू येण्याइतके नक्कीच!

स्पर्धा कोणती?

लायसन्स हातात आलं की सीक्यू वर्ल्ड वाइडपासून सुरुवात करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला आवाजाची आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला मोर्सची स्पर्धा असते. आपल्या वेळेनुसार शनिवारी पहाटे ५:३० ला सुरू, पुढे ४८ तास. क्यूआरपीचा गट वेगळा असल्यामुळे मोठ्या स्टेशनांशी तुलना होत नाही. देवाणघेवाण अगदी छोटी: 'फाइव्ह नाइन' आणि आपला झोन. भारताचा झोन २२.

दुसऱ्या खंडातल्या संपर्काला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १. प्रत्येक बँडवरचा नवा देश आणि नवा झोन हा गुणक धरला जातो, त्यामुळे बँड बदलत राहणं फायद्याचं.

अँटेना

पैसे सेटवर नाही, तारेवर घाला. डायपोलची लांबी मीटरमध्ये = १४३ ÷ फ्रिक्वेन्सी (मेगाहर्ट्झ). २० मीटर बँडसाठी साधारण १० मीटर तार, मधोमध कापून केबल जोडायची. शक्य तितकी उंच टांगा. विजेच्या तारांपासून मात्र लांब.

मग बोलायचं कसं?

स्वतः सीक्यू देऊ नका. बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरा आणि जोरात ऐकू येणाऱ्यांनाच हाक मारा. त्यांची अँटेना मोठी असते, कानही तिखट असतात. गर्दी असेल तर सगळ्यांचा गलका थांबेपर्यंत क्षणभर थांबा, मग पूर्ण कॉलसाइन एकदाच, स्पष्ट. तीन-चार प्रयत्नांत जमलं नाही तर फ्रिक्वेन्सी लिहून ठेवा आणि पुढे चला.

दुपारनंतर १५ आणि १० मीटरवर युरोप शोधा, रात्री ४० मीटरवर या. आणि रविवार सोडू नका! तोपर्यंत मोठ्या स्टेशनांचे बहुतेक ओळखीचे कॉल घेऊन झालेले असतात, त्यांना नवीन माणूस हवाच असतो. शनिवारी माझ्याकडे ढुंकूनही न बघणारे रविवारी 'अगेन, अगेन' करत माझा कॉल पूर्ण करून घेत होते.

लॉग

इथे मी दुसऱ्यांदा आपटलो. अर्धवट ऐकलेले कॉल अंदाजाने लिहिले. तपासणीत ते बाद झाले, वर दंडाचे गुणही कापले गेले. शंका असेल तर पुन्हा विचारा, त्यात लाज कसली? आणि संपर्क दहाच झाले तरी लॉग कॅब्रिलो फॉर्मॅटमध्ये, मुदतीत पाठवा.

पहिल्या वेळी ध्येय एवढंच ठेवा: २० संपर्क, एकही चुकीचा नाही.