चेंबर उतरवण्याआधी

पहाटे साडेपाच

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता. तेलगळतीची गाडी आली की आमच्या आलापल्लीच्या गॅरेजात तिची पहिली रात्र पुठ्ठ्यावरच जाते. चारही चाकांच्या जागा खडूनं मारून ठेवायच्या, म्हणजे सकाळी गाडी हलवली तरी कुठला डाग इंजिनाच्या कुठल्या भागाखाली पडला ते कळतं. ही बोलेरो आहे. जुनं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, आलापल्ली ते भामरागड प्रवासी नेणारी. मालक तोच चालक. काल सांगून गेला, "मिस्त्री, चेंबरचं पॅकिंग फाटलं असन. नवं टाकून द्या नं."

पुठ्ठ्यावर दोन डाग. मोठा इंजिनाच्या मागच्या टोकाखाली, लहान चेंबरच्या मधोमध. दोन्ही काळे आणि पातळ, म्हणजे इंजिन ऑईलच. पॉवर स्टिअरिंगचं असतं तर बहुधा लालसर दिसलं असतं, गिअरबॉक्सचं जाड असतं आणि त्याला गंधकासारखा वास येतो. बोटावर घेऊन वास घेतल्याशिवाय मी गाडीखाली शिरत नाही.

सहा

उन्हाळ्यात कामाचे खरे तास हेच. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, अकरानंतर पाना हातात धरवत नाही.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, शिवाय सागाचे दोन ओंडके सरकवले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी कुणालाही जाऊ देत नाही. हेल्पर पोऱ्याला पहिल्या दिवशी पाना धरायला शिकवण्याआधी हेच शिकवलं. तो मुलचेरा तालुक्यातला, घरी बंगाली बोलणारा. गिऱ्हाइकांशी मराठी, अहेरी-सिरोंच्याकडच्या ड्रायव्हरांशी तेलुगू, आणि आता माडियाही थोडी समजते त्याला.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी आवळलेलं पत्र्याचं भांडं. सगळं ऑईल तिथं साठतं आणि पंप तिथूनच ते वर ओढतो. या गाडीचा चेंबर लाल चिखलानं माखलेला. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आमच्या रस्त्यांवरून दिवसरात्र धावतात आणि ती लाल धूळ ओल्या तेलावर थरावर थर बसते. अशा लगद्यातून गळती शोधणं म्हणजे आंधळेपणा. डिझेल आणि ब्रशनं सगळं धुतलं, इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरपासून मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बेल हाउसिंगपर्यंत. मग कॉम्प्रेसरची हवा मारून कोरडं केलं. या धुण्यात तासभर गेला. गिऱ्हाइकाला तो तास दिसत नाही आणि त्याचे पैसे द्यायला तो कुरकुरतो. पण माझं ठाम मत आहे की गळतीच्या कामातला सगळ्यात मोलाचा तास तोच असतो.

सव्वासात

टाल्कम पावडरचा डबा. साधी अंगाला लावायची पावडर. कोरड्या इंजिनावर, चेंबरच्या काठावर, फिल्टरभोवती, टॅपेट कव्हरच्या खाली फुंकून घेतली. इंजिन सुरू करून पूर्ण तापू दिलं. थंड इंजिन अनेकदा खोटं बोलतं. तेल तापून पातळ झालं की मगच बारीक फट बोलते.

चहा आला तोवर पावडरीवर रेघ उमटली होती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओल निघून ब्लॉकच्या पाठीवरून उतरली होती, चेंबरच्या काठावर थांबली होती आणि तिथून थेंब थेंब खाली. खालून पाहणाऱ्याला चेंबरच गळतोय असं वाटणार. तेल खाली वाहतं, आणि गाडी चालताना पंख्याचा आणि समोरचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा आधी बघायची. टॅपेट कव्हर, ऑईल प्रेशरचा स्विच, फिल्टरची रिंग, मग क्रँकचं पुढचं सील, मग चेंबर. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली, तरी अशीच धार लागते.

ब्रीदर पाइपही काढून फुंकून पाहिला. तो चोंदला की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि नवीकोरी सीलंसुद्धा तेल सोडतात. इथं तो मोकळा होता.

साडेआठ

मालक आला. त्याला पावडरीवरची रेघ दाखवली.

"म्हणजे वरचं पॅकिंग टाकलं की झालं?"

"मोठा डाग त्याचाच. पण लहान डाग चेंबरचाच आहे. आणि मला एक सांगा, गाडी तापल्यावर, उभी असताना, ऑईलचा लाल दिवा मिणमिणते का?"

तो जरा थांबला. "मिणमिणते जी. रेस दिली की विझते. म्हणून म्या लक्ष नाही देल्लं."

टॉर्च धरून चेंबरच्या तळाचा पोचा दाखवला. तळहाताएवढा, आत गेलेला. ताडगावच्या पुढं आडवाटेवर दगडावर टेकली होती गाडी, त्यालाही आठवलं. ऑईल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी चेंबरच्या तळापासून जेमतेम काही मिलिमीटर वर असते. तळ आत दबला की जाळीचं तोंड झाकतं आणि पंपाला पुरेसं तेल मिळत नाही. थेंब थेंब गळणारी गाडी ऑईलच्या गेजवर लक्ष ठेवलं तर महिनाभर चालेल. पोचा बसलेला चेंबर गळत नसला तरी बेअरिंग खातो, आणि एकदा क्रँक धरला की इंजिनच उतरवावं लागतं. भामरागडचा रस्ता साठेक किलोमीटरचा, मधली कितीतरी अंतरं मोबाइलला रेंज नाही. या गाडीत कधी बाळंतीण असते, कधी तापानं फणफणलेलं पोर हेमलकशाच्या दवाखान्याकडे निघालेलं असतं. तिथं दिवा लागला तर मदतीला येणारी पहिली गाडी कधी येईल, हे कुणी सांगू शकत नाही.

"उतरवा चेंबर," तो म्हणाला. "पण मले आज रात्री निघाचं आहे."

मी त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही.

नऊ

ऑईल काढायचं ते कोमट असताना. गरम असताना हात भाजतो, पार थंड झालं की गाळ तळाशी बसून राहतो. ड्रेन नटाचं तांब्याचं वॉशर चेपून पार सपाट झालेलं. ते दर खेपेला बदलावं लागतं.

काळं तेल ड्रममध्ये गेलं. गावातले लोक ते मागायला येतात, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायला. वापरलेलं इंजिन ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. नाल्यात ओतलेलं मला खपत नाही. इथले नाले शेवटी पर्लकोटा, इंद्रावती, प्राणहितेलाच मिळतात आणि त्याच पाण्यावर लोक मासे धरतात. ड्रम भरला की तेल नेणाऱ्याकडे जातो.

दहा

बहुतेक अशा गाड्यांत चेंबर सरळ खाली येत नाही, क्रॉस मेंबर आडवा येतो. इंजिन ज्यावर बसतं त्या फौंडेशनचे नट ढिले करून ते थोडं उचललं, लाकडी ठोकळा दिला, मग बोल्ट काढले. निम्मे बोल्ट मुळातच गरजेपेक्षा जास्त आवळलेले. याआधी कुणीतरी गळती थांबवायला नुसतं आवळतच गेलं होतं. गळती दिसली की बोल्ट पिळायचा, ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग सवय. चेंबरचा पत्रा पातळ असतो. बोल्ट जास्त पिळला की छिद्राभोवतीचा पत्रा वर उचलला जातो, दोन बोल्टांच्या मधे फट पडते आणि बुचाचं पॅकिंग पिळवटून बाहेर येतं. मग गळती वाढते, मग माणूस अजून पिळतो.

चेंबर हलेना. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह इथंच होतो. त्यानं ब्लॉकच्या काठावर ओरखडा पडतो आणि तिथून आयुष्यभर तेल झिरपतं. पातळ पट्टी सरकवली, रबरी हातोडीनं बाजूनं ठोकलं, आणि सुटला.

आत बघितलं आणि पोऱ्याला हाक मारली. जाळीला सिलिकॉनचे लोंबते तुकडे चिकटलेले. आधीच्या माणसानं अ‍ॅनाबाँडची जाड वळी फासली होती. बाहेर जेवढी वळी दिसते तेवढीच आतही दाबली जाते, वाळते, तुटते आणि तेलातून फिरत जाळीवर जाऊन बसते. दिव्याचं मिणमिणणं पोच्यामुळं आणि या तुकड्यांमुळं, दोहोंमुळं होतं.

साडेबारा

मोटारसायकलवर एक पोरगा धुळीनं लाल होऊन आला. पेरमिलीच्या बाजूला तेंदूपत्ता गोळा करायच्या फळीवर गेलेली एक स्कॉर्पिओ सागाच्या ठुंठावर बसली, चेंबरला चीर गेली. ड्रायव्हरनं इंजिन लगेच बंद केलं, हे त्यानं फार चांगलं केलं. त्या पोरग्याजवळ कपड्यांच्या साबणाची वडी, एमसील, सँडपेपर, चिंध्या आणि ऑईलचा डबा दिला. चीर पुसायची, साबण घासून तिच्यात दाबून भरायचा, गळणं थांबलं की भोवतालचा पत्रा घासून वरून एमसीलचा थर. साबण तेलात लगेच विरघळत नाही म्हणून तो टिकतो. एमसील वाळायला वेळ द्यायचा, मग सावकाश, दर काही किलोमीटरवर गेज बघत गॅरेजपर्यंत यायचं. हा इलाज इथवर पोचण्यापुरताच. तेवढ्यावर महिना काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांची इंजिनंही उघडली आहेत.

एक ते तीन

वरण-भात, आंबाडीची भाजी, कांदा. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही.

मोहर्लीहून ओळखीच्या जिप्सीवाल्याचा फोन. आज मंगळवार, ताडोबा बंद, म्हणून तिथले चालक याच दिवशी गाड्या उघडून बसतात. मारुतीनं जिप्सी बनवणं थांबवून काही वर्षं झाली, तरी जुन्या जिप्स्या राखणारे अजून आहेत. त्यानं विचारलं, थेंब बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून पडतो, चेंबर पॅकिंग टाकू का? मी म्हटलं, थांब दादा. त्या भोकातून इंजिन ऑईल येत असेल तर बहुतेक क्रँकचं मागचं सील गेलेलं असतं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तू पॅकिंग टाकशील, आणि परवा सफारीत पुन्हा तोच थेंब दिसेल. आधी धू, पावडर टाक, आणि मग फोन कर.

साडेतीन

चेंबर डिझेलनं, मग साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवला. लाकडाच्या ठोकळ्यावर आतून ठोकत पोचा काढला, हळूहळू, पत्रा न ताणता. काठ ऐरणीवर उलटा ठेवून प्रत्येक बोल्टच्या छिद्राभोवतीचा फुगवटा गोल तोंडाच्या हातोडीनं बसवला आणि सरळ पट्टी लावून उजेडात पाहिलं. कुठूनही उजेड दिसतो तोवर काम झालेलं नसतं.

मग चिरेची परीक्षा. चेंबरला बाहेरून खडू फासायचा, आत डिझेल भरायचं आणि अर्धा तास ठेवून द्यायचं. केसाएवढी चीर असेल तरी खडूवर ओली रेघ उमटते. पोच्याच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक रेघ आलीच. लहान डाग तिचाच होता. पुन्हा धुतला, तेलाचा लवलेश राहू दिला नाही, कारण तेलावर गॅसची ज्योत धरणं म्हणजे आग ओढवणं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून पितळी टाका मारून घेतला, आणि खडूची परीक्षा परत केली. आता कोरडा.

जाळीचं अंतर मोजायला कणकेची गोळी. तळावर, जाळीखाली ठेवायची, चेंबर पॅकिंगसकट हातानं जागेवर दाबून धरायचा, उतरवायचा आणि चपटलेल्या गोळीची जाडी मोजायची. अंतर पुरेसं होतं. कणकेचा कणही आत राहिला नाही याची पोऱ्याकडून खात्री करून घेतली.

पाच

ब्लॉकचा काठ लाकडी पट्टीनं खरवडला, पेट्रोलच्या चिंधीनं पुसला. वरून तेलाचा एक ओघळ आला तर सीलंट धरत नाही, म्हणून मधे मधे पुसत राहायचं. बुचाचं नवं पॅकिंग, फक्त जोडांच्या कोपऱ्यांत सीलंटचा बारीक ठिपका. बोल्ट आधी सगळे हातानं, मग मधून टोकांकडे, समोरासमोर, तीन फेऱ्यांत. दहा नंबरच्या गोटीचे हे सहा मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर थांबतात. टॉर्क पाना महाग वाटतो खरा. पण मनगटाच्या अंदाजावर विश्वास ठेवणाऱ्यांनी केलेलं मला रोज उलगडावं लागतं, त्यामुळं त्याचे पैसे मला कधी जास्त वाटले नाहीत.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. फौंडेशन बसवलं. ड्रेन नटाला नवं वॉशर.

साडेसहा

नवा फिल्टर, १५डब्ल्यू-४० ऑईल गेजच्या वरच्या खुणेपर्यंत. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला, लाल दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगांवर इंजिन एकदम सुरू करायचं नाही. मग सुरू केलं. पूर्ण तापल्यावर, रेस न देता, दिवा विझलेलाच. अर्धा तास चालवून बंद केलं, गेज पाहून थोडं ऑईल भरलं, थंड झाल्यावर बोल्टांवर पुन्हा एकदा पाना फिरवला. नवं बूच बसतं, थोडं ढिलं पडतं. बोल्ट पुन्हा त्याच मापावर आणायचे, पुढं नाही.

आठ

"निघू का आता?" मालक चावी फिरवत उभा. बाहेर चार प्रवासी पिशव्या घेऊन.

"नाही. सीलंट रात्रभर वाळू द्या. पूर्ण मुरायला चोवीस तास लागतात, रात्र तरी मिळू द्या त्याला."

"भाडं जाते नं जी."

"उद्या पहाटे निघा. पेरमिलीला थांबा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी गेज बघा. हेमलकशाला परत बघा. आणि रस्त्यात दिवा लागला, मिणमिणला तरी, चावी तिथंच बंद करायची. पुढचं गाव दिसत असलं तरी."

तो प्रवाशांशी बोलायला गेला. दोघं चौकातून दुसऱ्या गाडीनं गेले, दोघं म्हणाले पहाटेचं चालेल. मी पोऱ्याला नवा पुठ्ठा आणायला सांगितला आणि चाकांच्या जागा खडूनं मारल्या. रस्त्याकडून तेवढ्यात हॉर्न आला: पेरमिलीची स्कॉर्पिओ, दोन्ही दिवे लावून, अगदी सावकाश.