खेळाचे अर्धायुष्य

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर प्रक्षेप्याच्या गतीची आकृती काढीत होतो. तिरपा फेकलेला चेंडू ज्या वक्ररेषेने वर जाऊन खाली येतो तिला अन्वस्त म्हणतात, हे तुमच्यापैकी वरच्या वर्गातील वाचकांना ठाऊक असेलच. सगळा वर्ग फळ्याकडे पाहत होता. शेवटच्या बाकावरील दोन माना मात्र खाली होत्या. जवळ जाऊन पाहतो तो बाकाखाली मोबाइल, आणि त्याच्या पडद्यावर भुवया आक्रसलेला एक लाल पक्षी बेचकीतून सुटून अगदी माझ्या फळ्यावरच्या रेषेने निघालेला! मोबाइल मी काढून घेतला. तास संपल्यावर तो परत करण्यापूर्वी शिक्षकांच्या खोलीत मीही चार-दोन पक्षी उडवून पाहिले, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

तो खेळ म्हणजे ‘अँग्री बर्ड्‌स’, रागावलेले पक्षी. डुकरांनी पक्ष्यांची अंडी पळविली. म्हणून पक्षी बेचकीतून स्वतःला फेकून घेतात आणि डुकरांचे लाकडी, काचेचे, दगडी किल्ले पाडतात, एवढीच त्याची गोष्ट. असा खेळ तयार कसा होतो? तो लोकांपर्यंत पोहोचतो कसा? आणि तो यशस्वी झाला हे ठरवावयाचे कसे? यातला शेवटचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला किरणोत्सारी चांदीपर्यंत जावे लागणार आहे.

पण प्रथम फिनलंडला जाऊ. युरोपच्या उत्तरेकडील हा थंडीचा देश. लोकसंख्या अवघी पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्म्यापेक्षाही कमी. नोकिया ही एके काळी मोबाइल बनविणारी कंपनी तेथलीच. १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनमध्ये तानेली अर्मांतो या अभियंत्याने एक सापाचा खेळ घातला. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना तो नक्की आठवेल. पडदा एवढासा, ८४ गुणिले ४८, म्हणजे जेमतेम चार हजार ठिपक्यांचा. त्यात ठिपके खात लांब होत जाणारा साप. हा खेळ फोनबरोबरच मिळे, त्याला वेगळी किंमत नव्हती. कोणी किती वेळ खेळले, कोठे हरले, कधी कंटाळले, यातले काहीही कंपनीला कळत नसे. गुण त्या फोनमध्येच राहत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

२००३ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी मोबाइल खेळांची एक स्पर्धा जिंकली आणि स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे ‘रोव्हिओ’ या नावाने प्रसिद्ध झाली. सहा वर्षांत त्यांनी एक्कावन्न खेळ केले. त्यांतले बरेचसे दुसऱ्या कंपन्यांसाठी केलेले होते. २००९ उजाडले तेव्हा माणसे कमी करावी लागली होती आणि दिवाळे निघण्याची वेळ आली होती. त्या सुमारास याक्को ईसालो या त्यांच्या खेळ-रचनाकाराने एक चित्र पुढे ठेवले. त्यात गोल गरगरीत पक्षी होते. पाय नाहीत, पंख नाहीत, चेहरे मात्र रागावलेले. खेळ काय असावा हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते. पण चित्र सगळ्यांना आवडले. पक्ष्यांना शत्रू हवा होता. त्या वर्षी जगभर स्वाइन फ्लूची चर्चा होती. तेव्हा शत्रू म्हणून डुकरे आली, आणि तीही हिरव्या रंगाची! बेचकीची निवडही मोठी हुशारीची. बेचकी दिसली की काय करावयाचे ते कोणाला शिकवावे लागत नाही. आपल्याकडे आंब्याच्या दिवसांत जी मुले कैऱ्या पाडतात त्यांना विचारून पाहा.

तीन संस्थापकांपैकी निकलस हेड याने सांगितलेली एक हकीकत आहे. त्याच्या आईला खेळांची मुळीच आवड नव्हती. तिच्या हाती हा खेळ पडला आणि ती त्यात इतकी गुंतली की नाताळच्या जेवणासाठी भट्टीत ठेवलेली टर्की करपून गेली. हेडच्या ध्यानात आले की हे काही निराळेच प्रकरण आहे. खेळाचे यश मोजण्याचे हे बहुधा सर्वांत जुने साधन असावे. आमच्या घरीही पत्त्यांच्या डावात दूध उतू जात असे.

आता थोडे भौतिकशास्त्र. पडद्यावरील पक्ष्याला गुरुत्वाकर्षण कोठून मिळते? ते गणिताने द्यावे लागते. संगणक काळाचे अगदी बारीक तुकडे पाडतो, साधारण सेकंदाचा साठावा भाग. प्रत्येक तुकड्यात पक्ष्याचा खालच्या दिशेचा वेग ठरावीक मात्रेने वाढवावयाचा, आडवा वेग आहे तसा ठेवावयाचा आणि त्यावरून पक्ष्याची नवी जागा काढावयाची. असे सेकंदाला साठ वेळा केले की अन्वस्त आपोआप तयार होते. किल्ल्याच्या फळ्या कशा कलंडतील, कशावर घासतील, हे काढणे त्याहून पुष्कळ अवघड. हे सारे काम करणारी ‘बॉक्स टू-डी’ नावाची एक तयार आज्ञावली एरिन कॅटो या अमेरिकन अभियंत्याने सर्वांना फुकट दिली होती. रोव्हिओने तीच वापरली. २०११ साली खेळ बनविणाऱ्यांच्या एका परिषदेत श्रोत्यांतून एकाने रोव्हिओच्या वक्त्याला विचारले, ‘तुम्ही भौतिकशास्त्रासाठी कोणती आज्ञावली वापरता?’ उत्तर आले, ‘बॉक्स टू-डी.’ ‘मग तिच्या कर्त्याचे नाव खेळात द्याल का?’ वक्त्याने होकार दिल्यावर प्रश्नकर्त्याने ओळख करून दिली: तो स्वतः एरिन कॅटोच होता!

ऱ्हेट अ‍ॅलेन या भौतिकशास्त्राच्या अमेरिकन प्राध्यापकाने २०१० साली या खेळाची चित्रफीत घेऊन पक्ष्याची जागा क्षणाक्षणाला मोजली. आडवा वेग कायम राहतो, म्हणजे त्या जगात हवेचा विरोध नाही, असे त्याला आढळले. खालच्या दिशेचे त्वरण पृथ्वीवरच्याइतके, म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर बेचकीची उंची ४.९ मीटर येते. ही बेचकी हाताळावयाची म्हणजे दीड मजल्याइतक्या उंचीवर चढावयास हवे.

११ डिसेंबर २००९ रोजी खेळ आयफोनसाठी बाहेर पडला. किंमत एक डॉलरला एक सेंट कमी. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कोणी ढुंकूनही पाहिले नाही. येथे रोव्हिओने एक युक्ती केली. दुकानात प्रत्येक देशाची विक्रीची यादी वेगळी असते. अमेरिकेत पहिला क्रमांक मिळविण्यास प्रचंड खप लागतो. फिनलंडसारख्या लहान देशात त्यासाठी अगदी थोडा पुरतो. खेळ प्रथम फिनलंडमध्ये वर चढला, मग स्वीडन, डेन्मार्क, ग्रीस, चेक प्रजासत्ताक असा. हे यश दाखवून चिलिंगो या इंग्लंडमधील प्रकाशक कंपनीने अ‍ॅपलचे मन वळविले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इंग्लंडमधील दुकानाच्या दर्शनी भागात खेळ झळकला. सहाशेच्या आसपास असलेला खेळ पाहता पाहता पहिला आला. एप्रिलमध्ये अमेरिकेतही तेच झाले. खालच्या पायऱ्या चढून मगच वरची पायरी गाठण्याची ही रीत आपल्या नाटक कंपन्यांनाही अपरिचित नाही.

येथपर्यंत यशाचे माप साधे होते: किती प्रती खपल्या? ग्राहकाने एकदा पैसे दिले की कंपनीचे काम झाले. त्याने खेळ वर्षभर खेळला काय किंवा दुसऱ्या दिवशी टाकून दिला काय, मिळकतीत फरक पडत नव्हता. पुढे मात्र दुकानांतून फुकट खेळांची गर्दी झाली. फुकट खेळाला मिळकत होते ती मध्ये येणाऱ्या जाहिरातींतून, किंवा अडलेला खेळाडू पुढे जाण्यासाठी मोजतो त्या पैशांतून. म्हणजे मिळकत आता खेळाडू किती दिवस परत येतो यावर अवलंबून! त्याच सुमारास फोन इंटरनेटला कायमचे जोडले गेले होते. सापाच्या खेळात जे कोणालाच कळत नव्हते ते सारे, कोण कधी आला, कोणत्या पातळीवर अडला, कोठे सोडून गेला, कंपनीच्या संगणकावर जमा होऊ लागले.

समजा, आज १००० जणांनी एक खेळ घेतला. उद्या त्यांतले किती परत येतील? सातव्या दिवशी किती? तिसाव्या दिवशी? या तीन संख्यांकडे खेळ बनविणारे डॉक्टर नाडी पाहतात तसे पाहतात. उद्या ४००, सातव्या दिवशी २००, तिसाव्या दिवशी १०० असे झाले तर खेळ चांगला, असा या धंद्यात एक ढोबळ ठोकताळा आहे.

आम्हा भौतिकशास्त्राच्या माणसांना हे आकडे पाहिले की किरणोत्साराची आठवण होते. किरणोत्सारी पदार्थातील निम्मी अणुकेंद्रे ज्या काळात फुटतात त्याला अर्धायुष्य म्हणतात. उरलेल्यांतली निम्मी पुन्हा तेवढ्याच काळात फुटतात. खेळाडूंनाही हाच नियम लावून पाहू. एका दिवसात १००० चे ४०० झाले. दुसऱ्या दिवशी १६०, तिसऱ्या दिवशी ६४ असे करीत सातव्या दिवशी जेमतेम दोघे उरतील. पण ठोकताळा तर २०० म्हणतो! मग नियम चुकला काय?

नियम चुकला नाही, पदार्थ मिश्र आहे. चांदीचा तुकडा न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवून काढला तर त्यात दोन किरणोत्सारी समस्थानिके तयार होतात. एकाचे अर्धायुष्य सुमारे २४ सेकंद, दुसऱ्याचे सुमारे २.४ मिनिटे. मापकाचे काटे आधी धडाधड घसरतात आणि मग सावकाश. खेळाडूंचेही तसेच. १००० पैकी ८०० जण उगाच डोकावणारे, अर्धायुष्य अर्धा दिवस. आणि २०० जण मनापासून खेळणारे, अर्धायुष्य ३० दिवस, असे धरा. एका दिवसाने पहिल्या गटातले २०० व दुसऱ्यातले १९५, एकूण ३९५ उरतील. सातव्या दिवशी पहिला गट संपलेला असेल, दुसऱ्यातले १७० असतील. तिसाव्या दिवशी १००. ठोकताळ्याच्या किती जवळ आलो पाहा! खरे खेळाडू दोनच प्रकारचे नसतात हे उघड आहे, तरी मुख्य गोष्ट यावरून कळते.

आता यात पैसा मिळवू. अर्धायुष्याला ०.६९३ ने भागले की सरासरी आयुष्य मिळते. ८०० जण सरासरी ०.७२ दिवस आणि २०० जण सरासरी ४३.३ दिवस खेळतील. सगळ्यांची मिळून सरासरी सुमारे ९.२ दिवस. समजा, एका खेळाडूपासून दिवसाला ५० पैसे मिळतात. म्हणजे प्रत्येकामागे ४ रुपये ६० पैसे. पण दुसरीकडे जाहिरात करून एक खेळाडू मिळविण्यास ५ रुपये पडत असतील, तर? तोटा! जितके खेळाडू अधिक तितका तोटा अधिक. आता मनापासून खेळणाऱ्यांचे अर्धायुष्य ३० ऐवजी ३५ दिवस करा. सरासरी १०.७ दिवसांवर जाते, मिळकत ५ रुपये ३० पैशांच्या वर. अवघ्या पाच दिवसांनी तोट्याचा नफा झाला.

ते पाच दिवस कोठून आणावयाचे? तुमच्याकडून. रोज हजेरी लावणाऱ्याला मिळणारे बक्षीस याचसाठी असते. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव असतात आणि गमावलेला एक जीव परत मिळण्यास अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तांत्रिक अडचणीचा नाही, कोणीतरी विचार करून ठरविलेला आहे: थोडे अडवले की माणूस पुन्हा येतो. आणि हे आकडे नुसत्या अंदाजाने ठरत नाहीत. खेळाडूंचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एका गटाला एक पातळी थोडी सोपी देतात, दुसऱ्याला आहे तशी. बाकी सारे सारखे. ज्या गटातले अधिक लोक परत येतात त्याचा बदल कायम होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्या, हा प्रयोगशाळेतला धडा मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. प्रयोगाची पद्धत निर्दोष आहे. फक्त टेबलावर आपण आहोत, एवढेच.

फिनलंडच्याच ‘सुपरसेल’ या कंपनीने तर याची शिस्तच लावून घेतली. नवा खेळ प्रथम कॅनडासारख्या एखाद्या देशात काढावयाचा, आकडे पाहावयाचे, आणि ते पुरेसे नसतील तर खेळ बंद करून टाकावयाचा. कित्येक जवळजवळ पूर्ण झालेले खेळ त्यांनी असे रद्द केले आहेत.

आणि आपले पक्षी? २०१५ साली आलेला ‘अँग्री बर्ड्‌स २’ फुकट होता. जीव संपले की थांबा, नाहीतर पैसे मोजा. मूळचा जुना खेळ २०१९ साली दुकानांतून काढून घेण्यात आला. लोकांनी फारच आठवण काढल्यामुळे मार्च २०२२ मध्ये रोव्हिओने तो पुन्हा बांधून पूर्वीच्याच किमतीला विकावयास ठेवला. एकदा पैसे द्या आणि हवा तितका खेळा. जाहिराती नाहीत, जीवांची मोजदाद नाही. तो लोकांना आवडला. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की या खेळाचा आपल्या इतर खेळांवर परिणाम होत आहे. म्हणून अँड्रॉइड फोनच्या दुकानातून तो काढून घेण्यात येत आहे, आणि आयफोनच्या दुकानात त्याचे नाव बदलण्यात येत आहे. त्याच वर्षी सेगा या जपानी कंपनीने रोव्हिओ विकत घेतली.

करून पाहा: एखादा नवा खेळ तुमच्या वर्गात शिरला की त्याच दिवसापासून एक वही घाला. पहिल्या दिवशी किती जण खेळत होते, दुसऱ्या दिवशी किती, असे महिनाभर रोज विचारून लिहा. स्वतःलाही त्यात धरा, आणि आपण रोज किती मिनिटे खेळलो तेही वेगळ्या रकान्यात नोंदवा. मग आलेख काढा: आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर खेळणाऱ्यांच्या संख्येचा लॉगरिदम. सगळे एकाच अर्धायुष्याचे असतील तर सरळ रेषा येईल. रेषा मध्येच वाकून आडवी होऊ लागली, तर ती कोणत्या दिवशी वाकली आणि त्यानंतर वहीत कोणाकोणाची नावे उरली होती, ते पाहा.