जंतूच्या अंगावरची साखर

आजची गोष्ट साखरेची आहे, पण गोड नाही. न्यूमोनियाचा एक जंतू आहे, न्यूमोकोकस. रक्त मिसळलेल्या जेलीवर बशीत वाढवला की त्याचे ओलसर, चकचकीत ठिपके उठतात, आणि त्याच जातीचे काही ठिपके मात्र खरबरीत, निस्तेज निघतात. चकचकीत जंतू उंदराला टोचला तर उंदीर एकदोन दिवसांत मरतो, खरबरीत टोचला तर खुशाल खातपीत हिंडतो. सगळी करामत त्या चकाकीची, आणि चकाकी म्हणजे जंतूने अंगाभोवती लपेटलेल्या साखरेच्या लांबच लांब साखळ्या. त्यांच्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो गिळताच येत नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वल्ड एव्हरी नावाचे डॉक्टर होते, चणीने बारीक, बोलायला मोजके. ते तिथल्याच मायकेल हायडेलबर्गर या रसायनशास्त्रज्ञाकडे या जंतूपासून काढलेल्या मळकट करड्या पुडीची कुपी घेऊन यायचे आणि विचारायचे, हे काम कधी हाती घेतोस? हायडेलबर्गरांच्या हाती तेव्हा वेगळंच काम होतं, पण शेवटी त्यांनी पूड घेतली, आणि ती जसजशी शुद्ध होत गेली तसतसा तिच्यातला नायट्रोजन नाहीसा होत गेला. नायट्रोजन नाही, म्हणजे प्रथिन नाही! शरीर या जंतूला ओळखतं ते त्याच्या साखरेवरून, हे 1923 साली दोघांनी जाहीर केलं.

मग साखर काढावी आणि टोचावी, झाली लस. मोठ्या माणसांना ती लागूही पडली, पण दोन वर्षांखालच्या लेकरांचं शरीर नुसत्या साखरेकडे ढुंकूनही बघत नाही, आणि या जंतूचा मेंदूज्वर गाठतो तो बहुतेकदा त्यांनाच. यावरची तोडही एव्हरींकडेच निघाली होती. 1931 साली त्यांनी आणि वॉल्थर गोबेल यांनी जंतूची साखर एका प्रथिनाला जोडून सशांना टोचली, तर सशांनी साखरेविरुद्धही प्रतिपिंडं केली. गावात नवखा माणूस एकटा आला तर कोणी विचारत नाही, पण नावाजलेल्या चोराच्या दंडाला दंड बांधलेला सापडला की पोलीसपाटील त्याचाही चेहरा ध्यानात ठेवतो, तसंच हे. प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी धावून येतात आणि साखरेचीही आठवण पक्की करून देतात. पुढे प्रतिजैविकं आली, युक्ती मागे पडली, ती 1980 च्या सुमारास जॉन रॉबिन्स आणि रेचल श्नीरसन यांनी अमेरिकेतच हिब नावाच्या जंतूवर पुन्हा चालवली.

आता आपल्या पुण्याकडे या, पण आफ्रिकेच्या वाटेने. तिथे सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरडा, धुळीचा वारा सुटला की मेंदूज्वराची साथ यायची. 1996-97 च्या साथीत सुमारे 25,000 माणसं गेली. त्या देशांना लस हवी होती अर्ध्या डॉलरच्या आत. हे काम हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने अंगावर घेतलं: ही साथ आणणाऱ्या ए गटाच्या जंतूची साखर, तिला जोडायला धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष, आणि जोडणीची रीत अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेची. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत ए गटाची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ हद्दपार झाली. एवढं मोठं काम आपल्या जिल्ह्यात झालं, आणि आपल्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे!

अशीच जोडलेली साखर आपल्याकडच्या पेंटाव्हॅलेंट लशीतही आहे, हिबसाठी. घरात तान्हं असेल तर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या तारखा चुकवू नका.