काटा हलत नाही तेव्हा...

बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी वसलेले मोरगाव हे अष्टविनायकांपैकी पहिले स्थान. यात्रेचा आरंभ येथून होतो आणि उरलेल्या सात गणपतींचे दर्शन घेऊन पुन्हा येथे आल्याशिवाय यात्रा पूर्ण झाली असे मानत नाहीत. चिंचवडचे मोरया गोसावी दर महिन्याच्या चतुर्थीला मोरगावची वारी करीत, असे परंपरा सांगते. माघ आणि भाद्रपद महिन्यांत चिंचवडहून मोरगावला पालखी नेण्याचा प्रघात आजही आहे. या वारीची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नेमाने वारी करणारा भाविक आपण किती वाऱ्या केल्या, हे अभिमानाने सांगतो. वारीने पदरात काय पडले, याचा हिशेब तो दर चतुर्थीला मांडत नाही.

वजन कमी करण्याचा संकल्प सोडणाऱ्या शहरी माणसाचे नेमके याच्या उलट होते. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहून कानउघाडणी केली की पहाटेचे फिरणे सुरू होते, चहातील साखर जाते, रात्रीचा भात बंद होतो. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरते आणि घरात कौतुक होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मात्र काटा जागचा हलत नाही. ‘एवढे करूनही फरक पडत नसेल तर उपयोग काय?’ असा प्रश्न मनात येतो आणि नव्याचे नऊ दिवस संपतात.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सहाव्या आठवड्यात प्रयत्न सोडणारा माणूस अनेकदा या उंबरठ्यावरचाच असतो.

पहिल्या आठवड्याची फसवी खुशी

सुरुवातीला झपाट्याने उतरणारे वजन हे बहुतांशी चरबीचे नसते. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा करून ठेवते. हा साठा साधारण अर्धा किलोच्या आसपास असतो; परंतु त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी होताच आधी हा साठा वापरला जातो, पाणी शरीराबाहेर पडते आणि काटा झरझर खाली येतो. लग्नाच्या एखाद्या जेवणानंतर तेच वजन दोन दिवसांत परतही येते. त्यात आनंद मानण्यासारखे थोडे आणि दुःख करण्यासारखेही थोडेच असते.

चरबीचा हिशेब वेगळा आहे. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या आहारातून 250 कॅलरी कमी केल्या, तर सुरुवातीच्या काळात एक किलो चरबी जाण्यास महिना लागतो. म्हणजे आठवड्याला पाव किलोही नाही. दुसरीकडे, पाणी, मीठ, पोटातील अन्न आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी यांमुळे वजन एका दिवसात एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते. एवढ्या चढउतारात आठवड्याची पाव किलो घट काट्यावर दिसणे अवघडच. चरबी उतरत असते, काटा मात्र गप्प असतो.

वेग मंदावतो, कारण...

याहून मोठे कारण शरीराच्या काटकसरीत आहे. वजन उतरले की हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते आणि भूक मात्र वाढते. अमेरिकेतील संशोधक केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रक्रियेचे गणित मांडले. जुन्या ठोकताळ्यानुसार रोज 100 कॅलरी कमी केल्यास वर्षभरात साडेचार किलोंहून अधिक वजन उतरायला हवे. हॉल यांच्या गणितानुसार पहिल्या वर्षी त्याच्या निम्मीच घट होते आणि उरलेली घट पूर्ण होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. संथ गती हे अपयशाचे लक्षण मानणाऱ्यांनी हे गणित जवळ बाळगावे, असे आहे.

काटा सांगत नाही ते

वजनकाटा चरबी, स्नायू, हाडे आणि पाणी यांत भेद करीत नाही. भारतीयांच्या बाबतीत तर ही उणीव अधिकच ठळक ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमापे प्रसिद्ध केली. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा देहमान निर्देशांक, म्हणजे ‘बीएमआय’, दोघांचाही 22.3 होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के आढळले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटाभोवती चरबी दडलेली असू शकते, हे त्यावरून जगासमोर आले.

म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी कमरेच्या घेरावर भर दिला आहे. पुरुषांनी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांनी 80 सेंटिमीटर ही मर्यादा ओलांडू नये, असे त्यांचे सांगणे आहे. व्यायामाने स्नायू भरू लागले, की काटा तेथेच राहून पँट सैल होते. अशा वेळी पँटवर विश्वास ठेवणे अधिक शहाणपणाचे.

वजन नाही, तरी लाभ आहे

या विषयातील सर्वांत दिलासादायक पुरावा चेन्नईतून आला. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 व्यक्तींचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला आणि 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीचाच दिनक्रम चालू ठेवणाऱ्या गटातील 55 टक्के लोकांना मधुमेह जडला. आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणे असा नेम दिलेल्या गटात हे प्रमाण 39.3 टक्के राहिले. विशेष म्हणजे, या दुसऱ्या गटाच्या वजनात लक्षणीय घट झालीच नव्हती. काट्यावर विसंबून त्यांनी सहाव्या आठवड्यात चालणे सोडले असते, तर हा लाभ त्यांच्या हातून निसटला असता.

वजन उतरल्यास फायदा अर्थातच वाढतो. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच मोठ्या अभ्यासात सहभागींपुढे सात टक्के वजनघट आणि आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम, एवढेच उद्दिष्ट होते. त्यातून मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. 80 किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. वीस किलोंचे स्वप्न पाहून दोन किलोंवर हिरमुसणाऱ्याने आपले उद्दिष्ट एकदा तपासून पाहावे.

उपवासाचा हिशेब

मोरगावची वाट धरणारे अनेक जण चतुर्थीचा उपवास करतात आणि ‘उपवास करूनही वजन उतरत नाही’ अशी तक्रारही करतात. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी बशीभर खाल्ली तरी ती साडेतीनशे-चारशे कॅलरींच्या घरात सहज जाते. 70 किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यास सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. उपवास श्रद्धेने जरूर करावा. मात्र खिचडी, वेफर्स आणि राजगिऱ्याचे लाडू यांना वजनघटीच्या खात्यात जमा धरू नये. चालण्याने कमावलेली तूट ताटात भरून निघते, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय म्हणजे वही. अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे सतराशे लोकांच्या अभ्यासात खाल्लेल्या पदार्थांची रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत दुप्पट उतरल्याचे आढळले.

खंड पडला तर?

सवय एकवीस दिवसांत लागते, हा समज सर्वत्र आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र सवय अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखाद्या दिवसाचा खंड पडल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा येत नाही, हेही त्यात दिसले. दिवाळीत चार दिवस फराळ झाला म्हणून महिन्याभराची मेहनत वाया जात नाही. पाचव्या दिवशी पुन्हा बूट घातले की पुरे.

अलीकडे सेमाग्लुटाइड, तिरझेपटाइड यांसारख्या इंजेक्शनांकडे अनेकांचे लक्ष लागले आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची औषधे आहेत. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन परत आल्याचे 2022 मधील अभ्यासात दिसले. अंगी सवय बाणवण्याचे काम औषध करीत नाही.

नेमाने प्रयत्न करूनही दोन-तीन महिन्यांत वजन, घेर वा दम यांपैकी कशातच फरक पडत नसेल, तर मात्र डॉक्टरांना भेटावे. थायरॉइडचे विकार, स्त्रियांमधील पीसीओएस, स्टेरॉइडसारखी औषधे यांमुळे वजनघटीत अडथळा येऊ शकतो.

काय मोजावे?

- रोज : चाललेली मिनिटे आणि खाल्लेले पदार्थ. जे आपल्या हाती आहे, त्याचीच नोंद.
- आठवड्यातून एकदा : वजन. ठरावीक वारी, सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी. एका आकड्याऐवजी चार आठवड्यांची सरासरी पाहावी.
- महिन्यातून एकदा : कमरेचा घेर, आणि नेहमीचे जिने चढताना किती दम लागतो, हे.
- तीन महिन्यांनी : रक्तदाब आणि डॉक्टरांनी सांगितल्यास रक्तातील साखरेची तपासणी.

महिन्याच्या मोजमापासाठी एखादी ठरलेली तिथी असली की विसर पडत नाही. घरात चतुर्थी पाळली जात असेल, तर कमरेला टेप लावण्यासाठी तोच दिवस सोयीचा. पुढच्या चतुर्थीपर्यंत काटा काय म्हणतो, याची फार चिंता न करता चालत राहावे.